चौथी खुर्ची

"बाबा, गज द्या. राळ लावून आणते," मुलीने हात पुढे केला.

"अगं, मी लावतो की."

"बोटं दुखतात ना तुमची? द्या."

त्याने व्हायोलाचा गज तिच्या हवाली केला. राळ नसली तर गज तारांवरून नुसता घसरतो, सूर म्हणून निघत नाही, हे ती सात वर्षांची असताना त्यानेच तिला शिकवलं होतं. गेले काही महिने ती त्याला राळेची डबीसुद्धा उघडू देत नव्हती. पोरीने म्हातारपणी एवढं करावं, याचं त्याला भारी कौतुक होतं.

तिचं बोलणं आपण ऐकलंच नाही, ओठांवरून वाचलं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? हिवाळ्यात आधी डावा कान गेला, मग उजवा. डॉक्टरांनी हात टेकले. त्याने मात्र कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मिशीवाल्यांशी बोलणं तेवढं सोडून दिलं, कारण मेल्यांचे ओठच दिसत नाहीत.

चौघांचा संच होता. पहिल्या व्हायोलिनवर मुलगी, दुसऱ्यावर जावई, चेलोवर जावयाचा मित्र आणि व्हायोलिनहून जरा मोठ्या व्हायोलावर तो स्वतः. बारा वर्षांपूर्वी संच त्यानेच उभा केला होता, आणि बायको गेल्यावर ही चौथी खुर्ची हेच त्याचं घर झालं होतं. बहिऱ्याला त्या खुर्चीवर कोण बसू देणार? अलीकडे मुलीने बाकी दोघांची स्वरलिपीची पानं नव्याने लिहून काढली होती. कशासाठी, ते विचारायच्या भानगडीत तो पडला नाही. जास्त बोललं की पितळ उघडं पडायची भीती.

चित्रप्रदर्शन पाच दिवसांचं. रोज चार वाजता मधल्या दालनात तासभर वादन. त्याने मनाशी ठरवलं होतं, पाचही दिवस निभावले तर संचाबरोबर वर्षभराच्या दौऱ्यावर जायचं. एक चूक झाली, कुणी नुसतं दचकून पाहिलं, तरी आपणहून उठायचं. चार दिवस निभावले. मुलीच्या कोपरावर नजर ठेवायची आणि चेलोची थरथर लाकडी जमिनीतून तळपायांना घ्यायची, की झालं काम.

पाचव्या दिवशी तो दालनात शिरला आणि दारातच थबकला. समारोपाचे पाहुणे येणार म्हणून जाडजूड गालिचा अंथरला होता.

"हा तेवढा उचलता का? आवाज गिळतो," तो रखवालदाराला म्हणाला. रखवालदाराला मिशी नव्हती, म्हणून त्याच्याशी रोज चार शब्द व्हायचे.

"साहेबांना विचारतो," रखवालदार म्हणाला. साहेब पाहुण्यांत अडकले आणि गालिचा तिथेच राहिला.

वादन सुरू झालं. पायाखाली काही म्हणजे काही लागेना. भिंतीवरच्या तसबिरींतली माणसं त्याच्याइतकीच बहिरी, ढिम्म बघत होती. संथ भागात एका जागी सगळ्यांनी एकदम थांबायचं होतं. मुलीचा गज थांबला, जावयाचा थांबला, चेलोवाल्याचा थांबला.

याचा चालूच होता.

भर शांततेत तो एकटा चांगल्या दोन ओळी वाजवत राहिला. लक्षात आलं तेव्हा हात जागीच गोठला. संपलं सगळं, असं म्हणत त्याने समोर पाहिलं.

कुणी दचकलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या बाई डोळे मिटून शांत बसल्या होत्या. मागचे दोघे तसेच मान डोलावत होते. शेवटी सगळे उभे राहिले, टाळ्यांचे हात बराच वेळ हलत राहिले.

कसं कोण जाणे, पण तो सुटला होता. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

"दौऱ्याचं माझंही तिकीट काढ," तो मुलीला म्हणाला.

"काढलंय, बाबा." तिचे डोळे भरून आले. आनंदाने आले असतील, असं त्याला वाटलं. ती वाद्यं भरायला आत गेली.

रखवालदार खुर्च्या उचलायला आला. त्याच्याजवळ येऊन थोडा घुटमळला, मग भिडस्तपणे बोलू लागला. एकेक शब्द ओठांवर स्वच्छ दिसत होता.

"पाचही दिवस दारात उभा राहून ऐकलं, साहेब. तिघंही फार गोड वाजवतात. तुमचं वाजवणं कधी ऐकायला मिळेल?"