वरचा कप्पा

“रोज स्वयंपाक कोण करतं? त्यांच्या उंचीने कप्पे घेतो,” सुताराने टेप ओढत विचारलं.

दोन्ही वेळा रांधून ओट्यापाशी ठाण मांडलेल्या आमच्या सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट. मला साधं चहाचं भांडंसुद्धा त्यांना विचारून घ्यावं लागायचं.

“माझ्या उंचीने घ्या,” मी ठणकावलं. मीठ, तेल, पिठाचा डबा, सगळं वरच्या कप्प्यात. सासूबाई सुताराला चहा द्यायला उठल्या.

नव्या स्वयंपाकघरात पहिल्याच सकाळी मी खोचकपणे विचारलं, “काय, पोचत नाही ना हात?”

 

 

“नाही ना गं,” त्या खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या. “दोन्ही वेळचं आता तूच बघ. चुकून पोचला असता, म्हणून मीच सुताराला कप्पे आणखी चार इंच वर घ्यायला लावले.”