देवळाचं दुखणं

जुन्या देवळाच्या दगडावर ताण पडला, की देवळाची तपासणी करणाऱ्या मृणालिनीच्या पाठीत कळ उठायची. खांबांत बसवलेले सेन्सर ताण मोजायचे आणि तिच्या अंगावरचं जाकीट तो कळ म्हणून तिला जाणवून द्यायचं. कळा वाढल्या तेव्हा तिने अभिषेकाच्या पाण्याला दोष देऊन तो बंद करवला आणि दुखऱ्या खांबांत भोकं पाडून आणखी सेन्सर ठोकले.

आज बंद पडलेला एक सेन्सर तिने उपटला, तशी त्या खांबातले बाकीचे सेन्सर चालू असूनही पाठीतली कळ थांबली. शेजारच्या खांबातला एक उपटला, तिथलीही थांबली.

कामाभोवती बांधलेल्या दोरीपलीकडून धोंडू गुरवांनी विचारलं, "बाई, देवळाला बरं वाटतंय का आता?"

"हो."

"म्हणजे आमच्या पाण्यानंच दुखत होतं." गुरवांनी खांबाला हात जोडले. "चुकलं रे देवा."

मृणालिनीने उपटलेले सेन्सर मुठीत झाकले.