प्रकट वाचन

"मॅडम, तुमची शाईची डबी द्या जरा," असं म्हणत जंगलखात्याचे साहेब शाळेच्या व्हरांड्यात नीलिमाच्याच खुर्चीवर बसले. टेबल-खुर्ची असलेली गावातली पक्की जागा ती एकच. समोर फरशीवर बिरजू मडावी उकिडवा बसला होता. चार दिवसांपूर्वी त्याच्या बायकोला, कमळाला, वाघानं मारलं होतं. साहेबांनी बिरजूच्या नावाचा जबाब लिहूनच आणला होता. त्यावर त्याचा अंगठा हवा होता आणि साक्षीदार म्हणून मॅडमची सही.

"मले वाचता नाई येत जी," बिरजू नीलिमाला म्हणाला. "बरोबर लिवलं हाय का, तेवढं पाहा."

नीलिमानं कागद वाचला. तिसऱ्या ओळीवर तिची नजर अडली. पोट भरायला शेतात गेलेली बाई त्या ओळीत चोरून जंगलात गेली होती. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, माणूस मारला तर जंगलखात्याला वाघ पकडावा लागतो. जंगलात मारला तर चूक माणसाची. हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण भद्रावतीजवळच्या शाळेत बदली मिळावी म्हणून तिचा अर्ज वर गेलेला. तिचं दोन वर्षांचं लेकरू तिकडे सासूजवळ होतं. तिला कुणाशी वाकडं नको होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

बिरजूनं अंगठा शाईत दाबला, कागदाजवळ नेला आणि तसाच थांबला.

"साहेब, माही पोरगी चौथीत हाय. तिले एक डाव वाचू द्या. तिच्या मायचं हाय, तिलेबी समजू द्या."

"लेकरांचं काम आहे का हे?" साहेब वैतागले. "मले अजून दोन गावं करायची आहे."

तोवर बिरजूनं हाक मारली होती. आत पाढे म्हणणारी चारही वर्गांची मुलं एकदम गप्प झाली आणि मयुरी बाहेर आली. ती आजच शाळेत आली होती. दर शनिवारी प्रकट वाचनाला नीलिमा तिलाच पहिली उभी करायची. मोठ्यानं वाचायचं, एकही शब्द गाळायचा नाही, असा मॅडमचा नियम होता.

मयुरी तशीच ताठ उभी राहिली. कागद दोन्ही हातांत धरला.

"'मी, बिरजू मडावी, धंदा शेती, असे लिहून देतो की, माझी पत्नी कमळा ही त्या दिवशी सकाळी सरपण आणण्यासाठी प्र... प्रति...'" तिचं बोट थांबलं. तिनं वर पाहिलं. "मॅडम, हा शब्द?"

साहेब नीलिमाकडे बघत होते. मयुरीला जोडाक्षरं वाचता यावीत म्हणून नीलिमानं दोन वर्षं जीव काढला होता.

"प्रतिबंधित," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जिथं जायला मनाई असते ते."

"'प्रतिबंधित वनक्षेत्रात विनापरवाना गेली होती.'" मयुरी थांबली. बापाकडे वळली. "बाबा, माय त आपल्या बांधीत धान कापून राह्यली होती."

"बांधीतच होती," बिरजू म्हणाला. "इळा तिथीच भेटला, साहेब. अख्ख्या गावानं पाह्यला. तिथून ओढत नेली त्यानं."

"प्रेत कुठी भेटलं? जंगलात ना? मग जंगलच लिहावं लागते."

बिरजूनं मान हळूच नीलिमाकडे वळवली.

"मॅडम, तुमी त ठीक हाय म्हनल्या."

तो रागानं बोलला नव्हता. रागानं बोलला असता तर नीलिमाला बरं वाटलं असतं.

थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मयुरीनं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. "'मृतदेहाचा डावा...'"

नीलिमानं पुढं होऊन कागदावर तळवा ठेवला. "पुरे."

"पण अजून राह्यलं हाय, मॅडम."

"राहू दे."

तिनं कागद मुलीच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. "साहेब, विळा बांधीत सापडला हे आधी लिहा. सरपणाचं खोडा. मग मी सही करते."

साहेबांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. कागद फाइलीत घातला. "जबाब द्यायला नकार, असं लिहून पाठवतो. तुमचं नाव काय, मॅडम? पूर्ण सांगा."

नीलिमानं सांगितलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लिहून घेतलं. जीप निघून गेली.

बिरजू उठला. शाईचा अंगठा पँटीला पुसत तो शाळेमागच्या बांध्यांकडे बघत राहिला. धान पिकून लवलं होतं. चार दिवसांत एकही माणूस तिकडे फिरकला नव्हता. त्यानं मयुरीचा हात धरला.

"शाळा सुटली नाई, बाबा," ती म्हणाली.

"मंग बस. मी घ्याले येतो. एकटी निघू नोको."

जाताना त्यानं नीलिमाकडे पाहिलं नाही. मयुरी आत जाऊन आपल्या जागेवर बसली. मुलं हाताची घडी घालून, गप्प, मॅडम आत यायची वाट बघत होती. नीलिमा उंबऱ्यापाशी उभी होती. तिचं पाऊल उचलेना.