ऐन कोणाच्या शेतात होता

कमळाकरने जमलेल्या माणसांकडे बघितलंच नाही. तो सरळ पुतणीकडे वळला.

"रुचे, तू सांग. हितला ऐन कोणाच्या शेतात होता? तू म्हणशील ते मला मान्य."

तिचा बाप मालू बाजूलाच उभा होता. ते ऐनाचं झाड त्यानेच पाडलं होतं, बुंध्यासकट खणून काढलं होतं. झाड होतं धाकट्या भावाच्या, म्हणजे या कमळाकरच्या शेतात, बांधापासून चांगलं आत. आता ती जागा बांधाच्या अलीकडे, मालूच्या शेतात आली होती. झाड काही चालत गेलं नव्हतं. चालला होता बांध.

बांध चालवायची ही रीत मालूला बापाकडून मिळाली होती. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या आधी बांधाला चिखल लावतात, तेव्हा आपल्या अंगाने फावड्याने जरासा कोरायचा आणि पलीकडच्या अंगाने तेवढाच चिखल थापायचा. पावसात वर गवत माजलं की झालं, कोणाच्या बापाला कळत नाही. कमळाकर वाशिंदला कारखान्यात कामाला, घरही तिकडेच केलेलं, शेत मजुरांवर टाकलेलं. दरसाल तो बांध बघायला थोडाच येणार होता? पलीकडून चिखल थापायला मालू लेकीला उभी करायचा. लहान हात, पण काम सफाईचं. ती थापत असायची आणि तो बजावत असायचा, "घरातलं बाहेर बोलायचं नाय."

हे एकदाच तिच्या हातून चुकलं होतं. तेव्हा काका-काकी गावातच होते आणि रुचिता दुसरीत होती. काकीची कोंबडी हरवली. ती यांच्याच टोपात शिजली होती. काकीने सहज विचारलं आणि पोरीने सांगून टाकलं. मालूने तिच्यावर हात उगारला नाही, तो त्यातला माणूस नव्हे. त्याने घरातलं बोलणं बंद केलं. सख्खी आई सुंदरा, तीसुद्धा ताट पुढे सरकवायची आणि तोंड फिरवायची. पोरगी "आये, आये" करत मागे मागे फिरली, रडली, शेवटी तापाने पडली. तापात बापाचा हात धरून म्हणाली, "आता नाय सांगणार." मग घरातले तिच्याशी बोलायला लागले. मालू चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, आमच्या घरात वळण आहे म्हणून. आता याला वळण म्हणायचं तर म्हणा बापडे.

तीच पोरगी आता मुरबाडहून बारावी पास झाली होती. कल्याणच्या कॉलेजात नाव घातलं होतं. राहायची सोय कुठे, तर याच काकाकडे, वाशिंदला. काकीने तिच्यासाठी खाट मांडूनसुद्धा ठेवली होती. तिला न्यायच्या आधी एकदा हद्द बघू म्हणून कमळाकर गावी आला, आणि बांध बघून त्याचं डोकं फिरलं. त्याने चार जाणती माणसं गोळा केली. पण जाणती माणसं फार हुशार असतात. ज्यांना ऐन आठवत होता, त्यांना मालूच्या विहिरीचं पाणी लागत होतं. म्हणून त्यांनाही काही आठवेना. राहिली ती रुचिता. तिला विसरणं शक्यच नव्हतं, कारण त्या ऐनाला झोका बांधून तिला झोके देणारा कमळाकरच होता.

तिने एक शब्द खरा बोलायचा अवकाश, बांध मागे जाणार होता आणि मालूची अब्रू त्याच्याबरोबर.

रुचिताने काकाच्या डोळ्यांत बघितलं. नजर ढळली नाही, आवाजही हलला नाही.

"आमच्या शेतात होता, काका."

झोक्याची गोष्ट कमळाकरला काढता आली असती. त्याने काढली नाही. "बरं. मिटलं तर," एवढंच म्हणाला. मग पायातल्या चपलेची माती झटकत पुटपुटला, "उद्या न्यायला येतो तुला. काकी वाट बघतेय." आणि मान खाली घालून निघाला. मला त्या माणसाचं फार वाईट वाटतं. बांध त्याचा आधीच गेला होता, आज पुतणीही गेली.

माणसं पांगली. बापलेक घराकडे निघाले. मालूचे पाय जमिनीवर नव्हते.

"काका एवढा जीव लावतो तुला, जरासुद्धा चाचरली नाय गो तू," तो कौतुकाने म्हणाला.

"त्यात काय चाचरायचं?" ती म्हणाली.

मालू हसला. मग त्याला एकदम भरून आलं. एकुलती एक पोर, उद्या घर सोडून जाणार. शिकणार, नोकरी करणार, इकडे कशाला परत येतेय. बापाचंच काळीज ते.

"तू मोठी होशील, शहरात राहशील," तो म्हणाला. "आमी म्हातारे झालो की आमाला बघशील ना गो? टाकून नाय ना देणार?"

रुचिता थांबली. तिने बापाच्या डोळ्यांत बघितलं. मघाशी काकाच्या डोळ्यांत बघितलं होतं तसंच, आणि आवाजही तोच.

"नाय, बाबा. मी हाय ना."

ती पुढे चालू लागली. मालू तिथंच उभा राहिला. पोरगी खरं बोलली असेल, खोटंही बोलली असेल. तिला बघून ते ओळखता येईल, एवढी सोय त्याने आपल्या घरात ठेवलीच नव्हती.