चौथा संशोधक

महाराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षी उंद्री गावात एकामागून एक संशोधक आले. पहिल्याने बोलीतले शब्द उतरवून घेतले, दुसऱ्याने बांधावरचं गवत नेलं, तिसऱ्याने घराघरांतल्या वंशावळी लिहिल्या. पंजाबरावांनी प्रत्येकाला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि विचारलं ते सगळं सांगितलं. चौथा आला तो रक्ताचे गट तपासायला.

आधी पंजाबरावांच्या बायकोचं, विमलबाईचं बोट टोचून झालं. मग लेकाचं, सुखदेवचं. थेंब काचेवर घेता घेता तो तरुण डॉक्टर उत्साहाने म्हणाला, "आता वडिलांचं पाहिलं, की मुलाला कोणाकडून काय मिळालं ते लगेच कळेल."

विमलबाईने पदर मुठीत आवळला. तिची नजर नवऱ्याच्या हातावर खिळली.

पंजाबरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मले नाही जमत, साहेब. सुई पाहून चक्कर येते."

"एकच थेंब लागतो, काका."

"नाही म्हटलं ना."

डॉक्टरने सामान आवरलं. शेजारचं घर दाखवायला सुखदेव त्याच्यासोबत गेला. ओट्यावर दोघंच उरली. मुठीतला पदर सोडत विमलबाईने विचारलं.

"तुमाले कव्हापासून मालूम आहे?"

"त्याचं बारसं केलं, त्याच्या आधीपासून," पंजाबराव म्हणाले. "वंशावळवाल्या साहेबाले माह्या नावाखाली त्याचं नाव मीच सांगतलं. आपल्या घरचं संशोधन तिथंच संपलं."