भोंगे

माझ्या खोलीत दाराएवढ्या तोंडाचे लाकडी भोंगे आहेत. मीच बनवलेत. साधे स्पीकर गिळतात ती कुजबुजही हे स्पष्ट ऐकवतात. "यातून हत्ती बाहेर येतो की काय?" दादा हसला. मी वाद्यवृंदाच्या निवडचाचणीची माझी जुनी कॅसेट लावली. दादा तिथे आधीपासून गायचा. मला नाकारलं तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "त्यांना कानच नाहीत रे." मी पुन्हा गायलो नाही, स्पीकर बनवत राहिलो. गाणं संपलं, कॅसेटमधली माझी पावलं दूर गेली. एरवी पुढे नुसती खरखर असायची. आज खरखरीमागून दादाचाच दबका आवाज आला: "सर, याला घेऊ नका. मग मला कोण विचारणार?" दादा पुटपुटला, "भोंगेच ते, काहीही ऐकू येतं." मी कॅसेट मागे घेतली. "तुला तरी कान आहेत ना, दादा? परत ऐक."