योग्य उमेदवार

मूलपेशींचा विषय शिकवायला विद्यापीठाला प्राध्यापक हवा होता. जागा राखीव होती आणि तिची जाहिरात तिसऱ्यांदा आली होती. मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत राहणाऱ्या वाल्मिकरावांची निशा नवी साडी नेसून मुलाखत देऊन आली आणि पंख्याखाली बसली.

"काय काय विचारलं गं?" तिच्या आईला, इंदूबाईंना, राहवेना.

"आडनाव विचारलं. मग मूळ गाव. मग म्हणाले, मीरा रोडहून रोज यायला झेपेल का?"

"अन् त्या पेशींचं?"

"त्यांचं काहीच नाही, आई. चहा मात्र छान होता."

तेवढ्यात फोन वाजला. विभागप्रमुख होते, आणि आवाज सांत्वनाला आल्यासारखा.

"निशा, वाईट वाटून घेऊ नकोस. समितीने लिहिलंय, योग्य उमेदवार आढळला नाही. जागा रिकामीच ठेवतायत. मी फार भांडलो गं तुझ्यासाठी."

"हो, सर."

सर जरा घुटमळले. "आणि हे बघ, उद्या नेहमीपेक्षा लवकर ये. आज तू मुलाखतीत अडकलीस, तर एमएस्सीची मुलं वर्गात नुसतीच बसून होती. प्रयोगशाळेतही कोणी फिरकलं नाही. तासिका तत्त्वावर का होईना, सहा वर्षं सगळं तूच बघतेयस ना! त्या पेशी दुसऱ्या कोणाच्या हातात जगतच नाहीत."